रॅमची पंगत

माणसानं रागीट असावं की नसावं हा वेगळा प्रश्न, पण पंक्तिप्रपंच करू नये, हे माझं ठाम मत आहे. एकाच्या पानात दोन जिलेब्या आणि शेजारच्याच्या पानात अर्धी, असं वाढणाऱ्याला मी भर पंगतीत हटकलेलं आहे. साडूच्या मुलीच्या लग्नात हटकलं, तेव्हापासून साडू माझ्याशी बोलत नाही. नाही बोलला तर नाही. सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, आणि या वर्षी याच एका बाबतीत मी असा तोंडावर आपटलो की विचारू नका.

निलंग्यात बसस्टँडच्या मागं, पहिल्या मजल्यावर माझी टायपिंगची संस्था आहे. भागवत सरांचा क्लास म्हटलं की रिक्षावाला आणून सोडतो. सत्तावीस वर्षं झाली. आधी खटखट करणारी लोखंडी यंत्रं होती, नंतर सरकारनं परीक्षा संगणकावर नेली तेव्हा दहा संगणक घेतले. सगळे एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच बनावटीचे. टेबलं सारखी, खुर्च्या सारख्या, पंखेसुद्धा असे लावलेत की कुणाला वारा कमी लागू नये.

तरी दोन वर्षांपूर्वी आप्पासाहेब नावाचा एक उमेदवार नापास झाला आणि त्यानं वर अर्ज केला, की मला मुद्दाम हळू चालणारा संगणक दिला. चौकशी झाली. तथ्य काही निघालं नाही. पण त्या कागदावर 'संस्थाचालकाचा दुजाभाव' असे शब्द होते, आणि ते मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. दुजाभाव! माझा! आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

या वर्षी परीक्षेचं केंद्र पुन्हा माझ्याकडं आलं आणि सोबत पत्र आलं, की प्रत्येक संगणकात किमान आठ जीबी रॅम पाहिजे. रॅम म्हणजे संगणकाचा ओटा. कपाटात कितीही डबे असोत, स्वयंपाक करताना जे हाताशी लागतं ते ओट्यावर मांडावं लागतं, आणि ओटा लहान असला की बाईची चिडचिड होते. माझ्या दहाही संगणकांत चार-चार जीबीची एकेक पट्टी होती. म्हणजे ओटा वाढवणं आलं.

सध्या या रॅमचे भाव असे चढलेत की लातूरच्या दुकानदारानं आधी माझ्याकडं दयेनं बघितलं आणि मग माल नाही म्हणाला. शेवटी नांदेडला एकाकडं पाच पाकिटं मिळाली. एका पाकिटात आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, जोडीनं बसवलेल्या. मी एसटीनं गेलो आणि पाकिटं मांडीवर घेऊन एसटीनं परत आलो.

रविवारी क्लास बंद असतो. त्या दिवशी मी हिशेब मांडला. पाच पाकिटं, म्हणजे दहा पट्ट्या. संगणक दहा. प्रत्येकात जुन्या पट्टीशेजारी एक खाच रिकामी. प्रत्येकाला एकेक नवी पट्टी दिली की जुन्या चार अन् नव्या आठ मिळून सगळ्यांचे बारा. ना कुणाला कमी, ना कुणाला जास्त. इतकं सरळ गणित बघून मला आनंदच झाला. पाचही पाकिटं फोडून मी दहा पट्ट्या स्टीलच्या ताटात ओतल्या, ताट हातावर घेतलं आणि एक नंबरपासून दहा नंबरपर्यंत वाढत गेलो.

माझी बायको शिल्पा डबा घेऊन वर आली होती. ती दारातच थांबली.

"काय वाढायलाव एवढं मनापासून?"

"रॅम," मी म्हणालो.

"मीठ बरोबर हाय का बघा," असं म्हणून ती डबा ठेवून गेली.

दहाही संगणक चालू झाले. दहाही पडद्यांवर बारा आकडा दिसला. मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सोमवारी संध्याकाळी चार नंबर बंद पडला. म्हणजे दिवा चालू, पडदा चालू, पण आतलं सगळं गोठलेलं. कळा दाबा, माऊस हलवा, काही नाही. मी वीजवाल्यांना शिव्या घातल्या आणि संगणक बंद करून पुन्हा लावला. तासाभरात परत तेच. त्या वेळी चार नंबरवर शरणम्मा बसलेली होती.

शरणम्माबद्दल सांगायला पाहिजे. वय अडतीस. नवरा सिद्धेश्वर पाटबंधारे खात्यात लिपिक होता, नोकरीत असतानाच छातीत कळ येऊन गेला. त्याच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर हिला घेतलं, पण अट अशी की मराठी टायपिंगची परीक्षा ठरलेल्या मुदतीत पास व्हायची, नाहीतर नोकरी जाणार. ती दोनदा बसली आणि दोनदा थोडक्यात राहिली. मुदत एकदा वाढवून मिळाली होती, आता वाढणार नव्हती. घरात सासू आणि शाळेतल्या दोन मुली. ही शेवटची परीक्षा होती, शनिवारी, माझ्याच केंद्रावर.

बाई कष्टाळू. ऑफिस सुटलं की थेट क्लासला. घरात कानडी, ऑफिसात मराठी, त्यामुळं सुरुवातीला जोडाक्षरं तिला अडवायची, पण त्यावर तिनं मात केली होती. एकच होतं, कळा जोरात मारायची. दहा जण टाईप करत असले तरी शरणम्माचा आवाज वेगळा कळायचा.

मंगळवारी सराव परीक्षा घेतली. सात मिनिटांचा उतारा, मिनिटाला तीस शब्द. पाचव्या मिनिटाला शरणम्माचा संगणक गोठला. तिला दुसऱ्या संगणकावर बसवलं, सात नंबरवर. तोही गोठला. तिसऱ्यांदा नऊ नंबरवर बसवलं आणि तोही चौथ्या मिनिटाला गेला. परीक्षा चार दिवसांवर. माझ्या डोक्यात अर्ज, चौकशी, दुजाभाव सगळं एकदम आलं आणि मी सगळ्यांच्या समोर ओरडलो.

"अहो बाई, तो कीबोर्ड आहे! भाकरी थापायलाव का तुम्ही? सगळ्या मशिनी मोडून ठेवायच्यात का?"

पोरं हसली. ती हसली नाही. तिनं हात मांडीवर घेतले, तळवे वर करून एकदा बघितले, मग पर्स उचलून गेली. मला वाटलं, उद्या येईल. माझं बोलणं कुणी एवढं मनावर घेत नाही, सत्तावीस वर्षांची सवय आहे लोकांना.

बुधवारी ती आली नाही. बुधवारी चार नंबरवर समीक्षा नावाची पोरगी बसली होती. तिची बोटं अशी हलकी की कळेवर बसलेली माशी उडायची नाही. वीस मिनिटांत संगणक गोठला. नंतर सात नंबर गोठला. त्यावर तर कुणी बसलेलंच नव्हतं, नुसता चालू होता. मी त्या गोठलेल्या पडद्यासमोर उभा राहिलो आणि मला माझ्याच बोलण्याची लाज वाटायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी तिचाच फोन आला.

"सर, मी शनिवारी येत न्हाई."

"का?"

"माझा हात जड हाय. परीक्षेत मशीन बंद पडली तर माझं जाऊ द्या, तुमचं केंद्र जाईल. बाकीच्या लेकरांचं वर्ष जाईल. माझ्यापायी नको."

मी काहीतरी म्हणेपर्यंत तिनं फोन ठेवला होता. परत लावला तर उचलेना. शिल्पा समोर बसली होती. तिनं मला काय झालं ते विचारलं, मी सांगितलं, भाकरीचंही सांगितलं. तिनं फोन उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "वर्षाराणीला बोलवा."

वर्षाराणी माझी जुनी विद्यार्थिनी. मूळची रेणापूरची. वडील निलंगा डेपोत चालक होते तेव्हा माझ्याकडं शिकायला यायची. तिला मी दोनदा वर्गाबाहेर काढलं होतं, दोन्ही वेळा प्रश्न विचारण्यावरून. आता लातूरला तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि हाताखाली दोन माणसं. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सर, एवढ्यात आत काय हात घातला होता का?"

"रॅम वाढवली."

"आलेच," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीनं ती आली. चहा नको म्हणाली. चार नंबरचं झाकण उघडून आत बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मग एका पेन ड्राइव्हवरून रॅम तपासायचा प्रोग्राम लावला. आधी नवी पट्टी काढून नुसती जुनी तपासली. चांगली. जुनी काढून नुसती नवी तपासली. चांगली. मग दोन्ही शेजारी शेजारी बसवल्या. दहा मिनिटं काही झालं नाही. अकराव्या मिनिटाला पडद्यावर लाल ओळी सुरू झाल्या आणि पडदा भरून गेला.

"म्हणजे खराब कोण?" मी विचारलं.

"कुणीच खराब न्हाई, सर."

हे वाक्य तिनं अगदी सहज म्हटलं, पण मला ते लागलं. तीन दिवस मी खराब कोण हेच शोधत होतो, आणि सगळ्यात आधी एका बाईला दोषी धरून मोकळा झालो होतो.

"पाकिटं कुठंयत?" तिनं विचारलं.

पाकिटं मी टाकत नसतो. तिनं त्यातलं एक उलटं करून मागचं बारीक इंग्रजी वाचलं आणि मला मराठीत सांगितलं, की या दोन पट्ट्या जोडीनंच वापरा, दुसऱ्या पट्ट्यांत मिसळू नका. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, आधी प्रश्नपत्रिका पूर्ण वाचा. सत्तावीस वर्षं सांगतोय.

"जुनीची चाल वेगळी, नवीची वेगळी," ती म्हणाली. "आतला मदरबोर्ड दोघींना एका चालीवर आणायला बघतो. काही बोर्ड सांभाळून घेतात, काहींना जमत न्हाई. जमलं तरी कवा बिघडेल नेम न्हाई. ह्या जोड्या कारखान्यातच एकत्र तपासून पाकिटात घातलेल्या असतात. तुम्ही त्या फोडल्या कशाला?"

"सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून."

"कशा फोडल्या?"

मी ताटाचं सांगितलं. तिनं डोळे मोठे केले. "स्टीलच्या ताटात?" आणि मग ती जी हसायला लागली, ती खुर्चीवर बसलीच. "सर, तुम्ही रॅम जिलेबीसारखी वाढली की हो!"

दुसरी वेळ असती तर मी तिला तिसऱ्यांदा वर्गाबाहेर काढलं असतं. पण मलाही हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं जरा हलकं झालं.

उपाय सोपा होता. दहा नव्या पट्ट्यांच्या पाच जोड्या करून त्या पाच संगणकांत बसवायच्या. उरलेल्या दहा जुन्या चार-चारच्या पट्ट्यांच्याही पाच जोड्या करून त्या दुसऱ्या पाच संगणकांत. जुन्या सगळ्या एकाच दिवशी एकाच मालातून आलेल्या, त्यांची चाल एकच. एकीकडं सोळा जीबी, दुसरीकडं आठ. अट आठचीच होती.

"म्हणजे पाच जणांना दुप्पट आणि पाच जणांना निम्मं," मी म्हणालो.

"सर, टायपिंगला आठ पुरून उरतात. दुप्पट असलं म्हणून बोट लवकर पडत न्हाई."

"पण अर्ज..."

"अर्ज येऊ द्या. मशीन बंद पडण्यापेक्षा अर्ज बरा की न्हाई?"

मी पाच नंबरचं झाकण उघडायला घेतलं.

आता प्रश्न असा, की ताटात सगळं एकत्र झालेलं. कुठल्या पट्टीची जोडीदार कुठली? वर्षाराणीनं दहाही पट्ट्या बाहेर काढून टेबलावर कागद पसरून मांडल्या. प्रत्येकीवर चिकटवलेल्या लेबलावर बारीक नंबर होता. एका पाकिटातल्या दोघींचे नंबर लागोपाठचे. मी चष्मा कपाळावर चढवून नंबर वाचायचो आणि ती जोड्या लावायची. पाचही जोड्या लागल्या. मला वाटतं त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं काम मी ते केलं.

एक ते पाचमध्ये नव्या, सहा ते दहामध्ये जुन्या. दहाही संगणकांवर तपासणी लावून आम्ही दोघं मधल्या बाकावर बसलो. शिल्पानं डबा पाठवला होता. चार वाजेपर्यंत दहा पडद्यांवर एकही लाल ओळ आली नाही. वर्षाराणीनं हात पुसले, चहा आता चालेल म्हणाली, दोन कप प्याली आणि सव्वाचारच्या गाडीला पळाली. जाताना जिन्यावरून ओरडली, "त्या बाईंना आणा आधी!"

तिचं ऑफिस सुटलं की मी त्याच कामाला निघणार होतो.

शरणम्माचं घर औराद रस्त्याला आहे. दारात बाजेवर तिची सासू पार्वतम्मा बसली होती. तिला नीट दिसत नाही.

"यारू?" तिनं कानडीत विचारलं. कोण आहे.

"टायपिंगचा सर."

"भाकरी म्हणलेला?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? म्हातारीनं मला बस म्हटलं नाही. आत तोंड करून शरणम्माला हाक मारली आणि माझ्याकडं पाठ करून बसली.

शरणम्मा बाहेर आली. मी उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. पाकिटं, ताट, दहा पट्ट्या, लाल ओळी, वर्षाराणी, सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच कळत होतं की मी रॅमबद्दल फार बोलतोय आणि बोलायचं ते राहतंय. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"म्हणजे माझ्या हातानं न्हाई झालं?"

"नाही. तुमच्या हातानं काहीच झालं नाही. चूक माझी होती."

ती चौकटीला टेकली. "तीन दिवस मी बोटं हलकी करून बघायले, सर. ह्या पोरींच्या पाटीवर कळा काढून. हलकी केली की चुकतंय. शब्द राहायलेत."

वर्षभर मेहनत करून आलेली गती तिनं माझ्या एका वाक्यापायी तीन दिवसांत मोडून काढली होती.

"जशा मारत होता तशाच मारा," मी म्हणालो. "कीबोर्ड फुटला तर दुसरा आणीन. दहा आणीन."

"येते," ती म्हणाली. मग थोडं थांबून, खाली बघत, पण स्पष्ट म्हणाली, "पण सर, तुम्ही मला सगळ्यांसमोर बोलला होता."

मी समजलो. पार्वतम्मानंही मान वळवली. मी आजवर घरात कधी चूक कबूल केली नाही, वर्गात तर विषयच नाही.

"सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हणालो. पार्वतम्मानं नातीला पाणी आणायला सांगितलं आणि बाजेवर सरकून मला जागा करून दिली.

शनिवारी सकाळी नऊला दहाही उमेदवार बाहेरच्या गॅलरीत उभे होते. पर्यवेक्षक बाहेरगावचे, ते आत कागदपत्रं लावत होते. मी रात्री एका कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या, तो कागद काही खिशात सापडेना. मग जे आलं ते बोललो.

"मंगळवारी मशिनी बंद पडल्या त्या माझ्यामुळं. मी रॅम चुकीची बसवली होती. शरणम्माताईंचा त्यात काडीचा दोष नव्हता आणि मी त्यांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो. ते बोलायला नको होतं. मी त्यांची माफी मागतो. आणि दुसरं, आता पाच मशिनींत रॅम जास्त आहे, पाचांत कमी. टायपिंगला फरक पडत नाही, पण मी लपवून ठेवणार नाही. नंबर ज्याचा जिथं लागेल तिथं लागेल. कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा."

समीक्षानं हात वर केला. मला वाटलं, आला अर्ज.

"सर, पाण्याची बाटली आत चालती का?"

दोन वर्षं ज्याची मी धास्ती घेतली होती, त्याचं कुणाला काही पडलेलंच नव्हतं. मी शरणम्माकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, हातातल्या प्रवेशपत्राची घडी नीट करत होती, पण तिचा चेहरा मोकळा झाला होता.

तिला सात नंबर लागला. जुन्या पट्ट्यांचा.

परीक्षेच्या वेळी संस्थाचालकाला आत थांबता येत नाही. मी जिन्यात बसलो. मधे एक बंद दार, आणि दारामागून कळांचा आवाज. आधी पत्र, मग तक्ता, शेवटी उतारा. दहा जणांच्या आवाजातून मी एकच आवाज शोधत होतो, आणि तो सापडला. ठणठणीत, मोकळा, हात राखून न ठेवलेला. तो आवाज चालू आहे तोवर सात नंबर चालू आहे, एवढंच मला कळत होतं. वर्षभर ज्या आवाजावर मी वैतागलो होतो, तो थांबू नये म्हणून मी आता जिन्यात हात जोडून बसलो होतो.

आणि तो थांबला.

सगळेच आवाज थांबले. दार उघडलं. पर्यवेक्षक बाहेर आले आणि माझ्याकडं चालत आले. मी उठून उभा राहिलो.

"सर," ते म्हणाले, "पंखा जरा कमी करता का? कागद उडायलेत. आता उताराच राहिलाय."

मी पंखा कमी केला. दारालगतचा रेग्युलेटर अडकतो, तो कसा फिरवायचा हे मलाच माहीत. दार पुन्हा बंद झालं आणि उतारा सुरू झाला. मी घड्याळ हातात काढून घेतलं. एक मिनिट. दोन. चौथ्या मिनिटाला मी श्वास धरला, पाचव्यालाही धरला. सहावं मिनिट गेलं. सातव्याला आतून घंटी वाजली आणि सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या.

शरणम्मा सगळ्यात शेवटी बाहेर आली. माझ्या समोरून जाताना थांबली.

"चालली, सर, मशीन," ती म्हणाली. "उतारा पुरा झाला. दोन ओळी परत बघायला वेळ उरला."

तिच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. मी नुसती मान हलवली. ती जिना उतरून गेल्यावर मी आत जाऊन सात नंबरसमोर बसलो. संगणक चालूच होता. मी माऊस हलवला, बाण हलला. परत हलवला, परत हलला. पाच-दहा मिनिटं मी तेच करत बसलो होतो. इतकं हायसं मला माझ्या लग्नाच्या मांडवातून सुटल्यावरही वाटलं नव्हतं.

अर्ज कुणाचाच आला नाही.

निकाल दीड महिन्यानं लागला. मी सकाळपासून बघत होतो, पण त्या दिवशी इंटरनेट असं रेंगाळत होतं की निकालाचं पान उघडेना. अकराच्या सुमाराला वर्ग भरलेला असताना फोन वाजला. शरणम्मा. मागं ऑफिसातला गलका ऐकू येत होता.

"सर, पास झाले."

मी खुर्चीतून उठलो.

"साहेबांनी आत्ताच कागद बघितला. म्हणले, आता काही काळजी करू नका, तुम्हाला कुणी काढत न्हाई. सासूला फोन केला. ती रडायली. पोरी अजून शाळेत हायत, त्यांना संध्याकाळी सांगते. आधी तुम्हाला सांगावं म्हणलं."

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. दहा पोरं टाईप करायची थांबून माझ्याकडं बघत होती. सत्तावीस वर्षांत कितीतरी निकाल ऐकले, पास झालेल्यांना शाबासकी दिली, नापास झालेल्यांना झापलं, पण या वेळी तोंडातून शब्द निघेना.

"सर? ऐकू येतंय का?"

मी हुंकार दिला.

"रागावलात का, सर?"

"नाही," एवढं कसंबसं म्हणालो.

"मग बोला की काहीतरी."

मी पोरांकडं पाठ केली आणि खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो.

"बोलतो," मी म्हणालो. "जरा थांबा."

ती थांबली.